तिच्याकडची चावी

आमच्या घराच्या कुलपाला तीन चाव्या आहेत. एक माझ्या पर्समध्ये, एक नवऱ्याच्या खिशात आणि तिसरी आमच्याच विंगमध्ये दोन मजले वर, माझ्या मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारच्या खिळ्याला. त्या चावीला हिरव्या लोकरीचा गोंडा बांधलाय. माझ्या मुलीने पहिलीत असताना शाळेत केलेला.

ही तिसरी चावी स्टेशनजवळच्या चावीवाल्याकडे करून घेतली, तेव्हा मैत्रीण सोबतच होती. त्याने मशीनवर घासून, फुंकर मारून चावी माझ्या हातात दिली आणि मी ती पर्समध्ये न टाकता तिथल्या तिथे तिच्या हातावर ठेवली. म्हटलं, "राहू दे तुझ्याकडे." ती म्हणाली, "बरं." आणि आम्ही शेअर रिक्षाच्या रांगेकडे चालायला लागलो.

नंतर आमच्यात तेरा महिने बोलणं नव्हतं. त्या तेरा महिन्यांत ही चावी त्याच खिळ्याला होती. मी मागितली नाही, तिने परत दिली नाही. का, याचा विचार मी अजून करते आहे.

लग्न करून मी साताऱ्याहून ठाण्यात आले. पहिली काही वर्षं माझ्या मैत्रिणी म्हणजे नवऱ्याच्या मित्रांच्या बायका. चांगल्या होत्या सगळ्या. पण आम्ही भेटायचो ते जोडीने, आणि नवऱ्यांचं आपसात काही बिनसलं की आमची मैत्री आपोआप मिटायची, आम्हाला कोणी विचारायचंही नाही. मग मुलगी झाली. फोनमध्ये मुलांच्या नावापुढे 'आई' लावून नंबर साठायला लागले. एका बाईशी मी तीन वर्षं डबे, प्रोजेक्ट, ताप, स्नेहसंमेलन असं रोज बोलत होते. तिचं स्वतःचं नाव मला कळलं ते तिच्या सासूबाईंच्या निधनाच्या मेसेजवरून. त्या दिवशी मला खरोखर लाज वाटली.

ही मात्र फोनमध्ये पहिल्यापासून स्वतःच्या नावाने आहे. ती मिळाली रेल्वेमुळे. ठाणे-वाशी लाइन 2004 च्या नोव्हेंबरात सुरू झाली. त्याआधी वाशीला जायचं म्हणजे कुर्ल्याला जाऊन हार्बर पकडायची, नाहीतर बस. ऑफिसातल्या जुन्या बायका त्या दिवसांबद्दल सांगतात तेव्हा वाटतं, ही लाइन नसती तर आम्ही दोघी एकाच इमारतीत राहून लिफ्टमध्ये हसण्यापुरत्याच ओळखीच्या राहिलो असतो. वर्तकनगरहून स्टेशनला रिक्षा, दहा नंबरला गाडीची वाट बघणं, मग दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली. कोपरखैरण्याला ती उतरायची, मी पुढे वाशीला. संध्याकाळी उलटं. ती कोपरखैरण्याच्या फलाटावर ठरलेल्या खांबाशी उभी असायची आणि मी दारातून हात दाखवायचे.

कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये एक हिशोब मांडला होता. नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण 50 तास लागतात, खरी मैत्री व्हायला 90 च्या आसपास आणि जिवलग म्हणावं असं माणूस व्हायला 200 हून जास्त. वाचलं तेव्हा मी आमचा हिशोब केला. दिवसाचा दीड तास धरला तर सहा-सात महिन्यांत आमचे 200 तास झाले होते. तेवढे तास माझ्या वयाची बाई दुसऱ्या कोणाला देऊ शकते? घरात बसून तर नाहीच. घरातल्या वेळेवर सगळ्यांचा हक्क असतो. गाडीतला वेळ कोणी मागत नाही, म्हणून तो आमचा होता.

आणि लोकलच्या डब्यात बोलता येतं. आजूबाजूला वीस बायका असतात, कोणी भाजी निवडतेय, कोणी डोळे मिटून जप करतेय, तरी घरापेक्षा जास्त मोकळं बोलता येतं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी जाऊन जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. जात्यावरच्या ओवीत शेजी येते. शेजारीण. तिला बाई गूज सांगते. भल्या पहाटे घर झोपलेलं असताना, जात्याच्या घरघरीत. गूज हा शब्द मला फार आवडतो. गुपित म्हटलं की काहीतरी दडवलेलं, चोरीचं वाटतं. गूज तसं नसतं. ते दडवलेलं नसतं, एका माणसासाठी ठेवलेलं असतं.

माझ्या नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा ते गूज मी तिला सांगितलं. रबाळे सोडल्यावर सुरुवात केली, कोपरखैरणे आलं तरी संपलं नव्हतं. ती उतरली नाही. माझ्याबरोबर वाशीपर्यंत आली आणि परतीची गाडी धरून मागे गेली. तिला त्या दिवशी लेट मार्क लागला.

घरी सासू-सासऱ्यांना आम्ही सांगितलं नव्हतं. सासऱ्यांची बायपास होऊन वर्षही झालं नव्हतं. नवरा रोज सकाळी डबा घेऊन, बॅग घेऊन वेळेवर निघायचा. कधी मराठी ग्रंथसंग्रहालयात बसायचा, कधी तलावपाळीवर, संध्याकाळी वेळेवर परत. तीन महिने असे काढले. ते दिवस फार वाईट होते. मी त्याचा डबा भरायचे आणि मला माहीत असायचं की तो हा कुठल्या तरी बाकावर बसून खाणार आहे.

सासरे रोज संध्याकाळी उपवनला फिरायला जातात. तिथे त्यांचा निवृत्त मंडळींचा एक कट्टा आहे. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी ते घरी आले, बूट काढले, जागेवर ठेवले, पाणी प्यायले. मग नवऱ्याला विचारलं, "आज कुठे बसला होतास?"

आवाज चढलेला नव्हता. कट्ट्यावर कोणीतरी त्यांना धीर दिला होता, काळजी करू नका, लागेल मुलाला कुठेतरी. ते तिथे "हो हो" म्हणाले होते. आपल्या मुलाची गोष्ट आपल्याला परक्याकडून कळली, हे त्यांनी त्या चार लोकांना कळू दिलं नाही.

मी तशीच वर गेले. ती पोळ्या करत होती. मी दारातूनच विचारलं, कोणाला सांगितलंस? ती म्हणाली, "कोणालाच नाही गं. फक्त ह्यांना."

मला आठवतं, तव्यावरची पोळी जळायला लागली होती आणि तिचं लक्ष नव्हतं. ती सांगत होती की ह्यांनी दोन ठिकाणी शब्द टाकलाय, एक जागा जवळपास नक्की आहे. दोन ठिकाणांपैकी एका ठिकाणच्या गृहस्थांचे वडील उपवनच्या कट्ट्यावर बसतात. सगळी साखळी इतकी सरळ होती. कोणाच्याही मनात वाईट नव्हतं. तिच्या तर मुळीच नव्हतं. "ह्यांना सांगितलं म्हणजे बाहेर सांगितलं का?" तिने विचारलं. तिच्या चेहऱ्यावर खरंच प्रश्न होता.

मी म्हटलं, "हो. बाहेरच."

यावर मी नंतर बऱ्याच बायकांशी बोलले, नावं-गावं न सांगता. निम्म्याहून जास्त जणींचं म्हणणं, नवरा म्हणजे आपणच की, त्यात काय एवढं. मला हे पटत नाही. तेव्हा पटलं नाही, आजही नाही. लग्न झालं म्हणजे बाईचे कान संसाराच्या सामायिक खात्यात जमा होतात का? मी जेव्हा तिला काही सांगते तेव्हा तिच्या डोळ्यांकडे बघून, ती ते कसं घेईल हे ठाऊक असल्यामुळे सांगते. तिचा नवरा सज्जन आहे. अडीअडचणीला धावून येतो. पण त्याच्या डोळ्यांकडे बघून मी ते सांगितलं नसतं. ते त्याच्याकडे गेलं तेव्हा गूज राहिलंच नाही, त्याची बातमी झाली. आणि बातमीला पाय फुटतातच.

आपल्याकडे म्हणतात, पोटात ठेवणं. तोंड बंद ठेवणं वेगळं. पोटात ठेवायचं म्हणजे ते तिथे जड होणार, टोचणार, रात्री कूस बदलताना लागणार, आणि तरी ठेवायचं. एरवी कोणाच्या तोंडात तीळ भिजत नाही असं आपण सहज म्हणून टाकतो. पण पोटात ठेवणाऱ्या बाईला काय पडतं, हे कोणी मोजत नाही. तिला ते एकटीला पेललं नसेल, हे मला तेव्हा सुचलं नाही.

तर आमचं बोलणं बंद झालं. नवरा-बायको वेगळे झाले की घटस्फोट म्हणतात, काडीमोड म्हणतात. भावाभावांत वाटणी होते, भाऊबंदकी होते. चाळिशीच्या बायकांची मैत्री मोडली की काय म्हणायचं? लहान मुलांची कट्टी असते, तिला निदान बट्टी तरी असते. आमच्याबद्दल विंगमध्ये एवढंच म्हटलं जायचं की "त्या हल्ली बोलत नाहीत." शब्दच नाही, त्यामुळे कोणी समाचाराला येत नाही. मी त्या दिवसांत जेवत होते, ऑफिसला जात होते, मुलीचा अभ्यास घेत होते, आणि आत कोणीतरी गेल्यासारखं होतं. माझ्या आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, मैत्रिणी काय, होतील दुसऱ्या. तिची चूक नाही. तिच्या पिढीने मैत्रिणीला माहेरी ठेवूनच सासर गाठलं होतं.

तिने डबा बदलला. ती पुढच्या लेडीजमध्ये चढायला लागली, मी मधल्यात. पण कोपरखैरण्याला उतरून जिन्याकडे जाताना तिला माझ्या खिडकीवरून जावं लागायचं. मी फोनमध्ये डोकं घालायचे. रोज. तिची चाल मला न बघताही कळायची.

चावी मागावी असं दोन-तीनदा मनात आलं. एकदा तर जिन्याने अर्धी वर गेले होते. मग वाटलं, बोलणं बंद आहे ते आपसूक झालं, त्यावर कोणी सही केलेली नाही. चावी मागितली की सही झाली. आणि आणखी एक गोष्ट होती. माझं गूज तिच्याकडे सुरक्षित राहिलं नाही, याबद्दल मला शंका नव्हती. पण माझं घर तिच्याकडे सुरक्षित आहे, याबद्दलही नव्हती. विश्वास उडाला असं मी म्हणत होते, आणि रोज रात्री निवांत झोपत होते, माझ्या दाराची चावी तिच्या भिंतीवर असताना.

त्या जानेवारीत तिच्याकडे हळदीकुंकू होतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत विंगमध्ये कोणाकडे ना कोणाकडे असतंच. नवरा असो-नसो, सगळ्या बायकांना बोलवायचं, ही पद्धत आमच्या विंगमध्ये तिनेच सुरू केली. पहिल्या वर्षी तळमजल्यावरच्या काकूंना तिने हाताला धरून आणून मध्ये बसवलं होतं. तेव्हा दोघी-तिघी नाक मुरडून उठून गेल्या, ती हलली नाही. ती अशी आहे. त्यामुळे बोलावणं मलाही येणार होतं आणि मी न जाणं शक्य नव्हतं.

रांगेत माझी पाळी आली. तिने हळद लावली, कुंकू लावलं. बोट किंचित कापत होतं. कुंकवाचे दोन कण माझ्या नाकावर पडले, ते तिने करंगळीने पुसले. प्रत्येकीला ती "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणत होती. मला म्हणाली, "घे." हातात वाण ठेवलं, स्टीलची चहाची गाळणी. मी मान वर केली तर तिच्या खांद्यामागे स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि फ्रिजशेजारी हिरवा गोंडा दिसत होता. थोडा विटलेला. बाकी जसाच्या तसा.

त्या रात्री झोप लागली नाही, आणि मला एक जुनी गोष्ट आठवली. काही वर्षांपूर्वी तिच्या माहेरी जमिनीचं काही निघालं होतं. भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागत होता. नाही म्हटलं तर माहेर तुटणार, हो म्हटलं तर मन खाणार. तिने ते मला गाडीत सांगितलं, रडली. दुसऱ्या दिवशी मी तिला सगळं नीट समजावून सांगितलं होतं. 9 सप्टेंबर 2005 पासून एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे, वडील त्या तारखेला हयात नसले तरी तो बुडत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलंय, घाईने सही करू नकोस. एका रात्रीत मला हे कुठून कळलं होतं? मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं होतं आणि त्याने त्याच्या वकील मित्राला फोन केला होता. तिचं नाव घेऊन.

ते कुठे फुटलं नाही, एवढंच. मी पोटात ठेवलं नव्हतं. मी अंधारात उठून बसले. तिने तेव्हा विचारलंही नव्हतं की तुला कोणी सांगितलं. तिच्या लेखी तिची गोष्ट माझ्या घरात जाणं यात काही गैर नव्हतं. माझ्या लेखी होतं, पण तो नियम मी स्वतःला लावला नव्हता.

हे कळूनही मी वर गेले नाही. गेले असते तर छान झालं असतं, पण नाही गेले. दोन महिने गेले.

मार्चमध्ये सासू-सासरे शिमग्याला गावी गेले होते. त्या शुक्रवारी पाणी बंद होतं. सकाळी मी ओट्याचा नळ सोडून बघितला, पाणी नव्हतं. घाईत नळ तसाच राहिला, आणि सिंकमध्ये खरकट्या भांड्यांचा ढीग. दुपारी चारच्या सुमाराला वॉचमनचा फोन, मॅडम, तुमच्या दारातून पाणी जिन्यावर येतंय. मी वाशीला, नवरा नव्या नोकरीवर अंधेरीला. कितीही धावले तरी सव्वा तास. वॉचमन म्हणाला, "सहाशे दोनच्या मॅडम आज घरी आहेत. त्यांच्याकडे चावी असते ना तुमची?"

मी म्हटलं, "हो. त्यांना सांगा."

घरी पोचले तेव्हा फरशी कोरडी होती. पायपुसणी पिळून बाल्कनीच्या कठड्यावर वाळत घातलेली. सिंकमधली भांडीही घासून पालथी. आत गेले. कपाटाचा सगळ्यात खालचा खण, ज्यात पाणी शिरलं होतं, तो काढून पलंगावर ठेवला होता. आईची इरकल आणि माझा शालू खुर्च्यांच्या पाठींवर मोकळे सोडलेले, एकमेकांना रंग लागू नये म्हणून लांब लांब. त्याच खणात नवऱ्याची जुनी फाइल होती. नोकरी गेल्याचं पत्र, हिशोबाचे कागद, त्या महिन्यांत त्याने कुठे कुठे अर्ज केले त्याची हाताने लिहिलेली यादी. ते कागद तिने सुटे करून पंख्याखाली जमिनीवर मांडले होते आणि प्रत्येकावर एकेक वाटी ठेवली होती.

सगळे कागद पालथे होते. एकूण एक. लिहिलेली बाजू खाली.

मी टेबलावर बघितलं, टीव्हीच्या कपाटावर बघितलं, दारामागच्या खिळ्यावर बघितलं. चावी कुठेच नव्हती. ती घेऊन गेली होती.

वर गेले. तिने दार उघडलं. ओल्या सलवारीचे काठ अजून दुमडलेले होते. मी काय म्हणणार होते ते विसरले आणि विचारलं, "पाठ दुखत असेल ना?" ती म्हणाली, "दुखतेय. आत ये."

त्या दिवशी त्यावर काही बोललो नाही. ते पुढे हळूहळू आलं, तुकड्यातुकड्याने. एकदा दहा नंबरला गाडीची वाट बघताना ती म्हणाली, "मला तेव्हा समजलंच नव्हतं की ते वेगळं असतं. मी लग्नानंतर कधी काही माझ्याकडे ठेवलंच नव्हतं." मी तिला वकिलाच्या फोनचं सांगितलं. ती बराच वेळ रुळांकडे बघत होती. मग गाडी आली.

पहिल्यासारखं झालंय का? नाही झालं. सासऱ्यांचा तो पाणी पितानाचा चेहरा मला अजून दिसतो आणि तो दिसला की तिच्याबद्दल काहीतरी आखडतं. आता एखादी गोष्ट सांगायच्या आधी आम्ही "हे तुझ्यापुरतं" असं म्हणतो. पूर्वी असं म्हणावं लागत नव्हतं, आणि म्हणताना थोडं दुखतं. कधी ती मध्येच थांबवते, म्हणते, हे मला नको सांगूस, मला झेपणार नाही. तेव्हा मी थांबते. पैशाला, मुलीला, घराला तिच्याइतकं माझं या शहरात कोणी नाही. काही गोष्टी मात्र मी आता तिला सांगत नाही, तीही मला सगळं सांगत नसणार.

हे सगळं लिहून झाल्यावर काल संध्याकाळी मी तिच्याकडे गेले आणि तिला वाचून दाखवलं. तिच्या माहेरचं लिहू का, हे आधीच विचारलं होतं. ती म्हणाली होती, लिही, कितीतरी जणींचं आहे ते. तरी ऐकताना तिने दोन ठिकाणी हात वर केला. ती दोन वाक्यं मी तिच्यासमोर काढली.

"आणखी कोणी वाचलंय?" तिने विचारलं.

"नाही अजून. घरीही नाही."

ती उठली आणि चहा ठेवायला आत गेली. मी मागोमाग गेले. फ्रिजशेजारी गोंडा होता. तो आता पार पांढुरका झालाय, नवा करून द्यायला हवा, मुलीला सांगते म्हटलं. ती म्हणाली, असू दे हाच.